चढत नाही

आमच्या मामाला चढत नसे. ही आमच्याकडे अभिमानाने सांगायची गोष्ट होती, म्हणजे कुणाचा मुलगा दुबईला असतो, कुणाची सून डॉक्टर असते, तसं आमच्या मामाला चढत नाही. शिगम्याला, लग्नात, चवथीत विसर्जन करून आल्यावर बाकीचे काका-बिका एकेक करून आडवे व्हायचे किंवा जुनी भांडणं उकरून काढायचे आणि मामा आपला शांत, लुंगी गुडघ्यापर्यंत दुमडून, शेवटच्या माणसाला घरी सोडून स्कूटरवरून परत. कुणी विचारलंच तर हसून म्हणायचा, "म्हाका चडना रे." आणि आम्ही पोरं त्याच्याकडे असं बघायचो जसं लोक पैलवानाकडे बघतात.

मामाची काजूची भाटी आहे, गोव्यात सत्तरीत, वाळपईच्या पुढे. मार्च उजाडला की त्या रस्त्याला गाडीची काच खाली केली की वास सुरू, पिकलेल्या बोंडूचा, म्हणजे काजूच्या फळाचा, गोड-आंबूस वास जो कपड्यांतून जून आला तरी जात नाही. ज्यांनी भाटी बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बोंडू कोळंबीत टाकून पायाने तुडवायचे (कोळंबी म्हणजे जांभ्यात कोरलेला हौद, आणि वाफ जिथे गार होऊन जमते त्या मडक्याला म्हणतात लावणी, हे दोन शब्द फोनवर ऐकून माझा एक पुण्याचा मित्र भलत्याच अपेक्षेने आला होता). रस तीन दिवस आंबू द्यायचा, मग भाणात घालून खाली लाकडं पेटवायची. पहिल्यांदा जी उतरते ती उर्राक, साधारण पंधरा टक्के, ती हलकी आणि सीझनपुरतीच. ती उर्राक पुन्हा आंबलेल्या रसात घालून परत उकळली की फेणी, ४२-४५ टक्के. जुन्या पद्धतीत लावणीवर सतत गार पाणी ओतत बसावं लागतं, आणि आग जास्त झाली की माल करपतो, म्हणून भाटीवर दोनच वाक्यं दिवसभर ऐकू येतात, पाणी घाल आणि आग कमी कर.

दारूचा जोर आमच्याकडे ग्रावमध्ये मोजतात, फेणी १९-२० ग्रावची. त्यासाठी काचेचं एक तरंगणारं यंत्र असतं, मामाकडेही आहे, पण तो ते कधी डब्यातून काढायचा नाही. जिभेवर थेंब घेऊन सांगायचा. मी केमिस्ट्रीचा बीएस्सी, वेर्ण्याला एका औषधाच्या कंपनीत क्यूसीत, म्हणजे माल तपासायच्या खात्यात आहे, एकदा सुट्टीत मुद्दाम त्याच्या पाठीमागे मोजून बघितलं तर त्याचा अंदाज अर्ध्या ग्रावनेसुद्धा चुकला नव्हता. मला वाटलं काय जीभ आहे! ती जीभ रोज किती वेळा चाखते हा प्रश्न क्यूसीवाल्याला पडायला हवा होता, नाही पडला.

गोव्याबाहेरच्यांचा एक गैरसमज असतो की इथे सगळे सकाळपासून पितात आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. खोटं आहे. वाटतं, फक्त रेघ वेगळ्या ठिकाणी मारलेली आहे. आमच्याकडे शिवी आहे बेबदो, पोर्तुगीजांकडून आलेली, आणि मराठीतला बेवडा तर तिचा सख्खा भाऊच वाटतो. बेबदो कोण? जो गटारात पडतो, जो बायकोला मारतो, जो ताव्हेर्नात, म्हणजे गुत्त्यात, उधारी ठेवतो. जो सरळ चालत घरी येतो, हातपाय धुऊन देवाला दिवा लावतो, पोरांच्या फिया भरतो तो बेबदो कसा असेल? पायांवरून निकाल लावायची पद्धत. मामाचे पाय सरळ पडायचे, विषय संपला.

मग दोन वर्षांपूर्वी एप्रिलमधल्या एका रविवारी संध्याकाळी ते पाय घसरले. तेही रस्त्यावर वगैरे नाही, स्वतःच्या भाटीवर, जिथे तो डोळे मिटून चालू शकतो. मामेभावाने त्या वर्षी कोळंबीकडे जाताना एक नवीन चिऱ्याची पायरी बसवली होती. एक पायरी. मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं.

आम्ही पणजीकडच्या एका हॉस्पिटलात त्याला ॲडमिट केलं, मंगळवारी सकाळी ऑपरेशन ठरलं. फॉर्म मी भरला, कारण मी शिकलेला. शुगर आहे का, नाही. बीपी आहे, गोळी चालू. तंबाखू, नाही. दारू? मी मामीकडे बघितलं, मामीने पदर नीट केला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. मी लिहिलं, कधीतरी. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी नंतर परत विचारलं, त्यांनी तर दोनदा विचारलं, "नक्की कधीतरी?" मी म्हटलं, "हो, सोशली." सोशली! काजूच्या भाटीचा मालक आणि सोशली. तो शब्द माझ्या तोंडून इतक्या सहज बाहेर आला की आजही मला तो माझाच आवाज आठवतो आणि कान गरम होतात.

सोमवारी मामाचे हात कापत होते, आम्ही म्हटलं दुखतंय म्हणून. घामाने उशी भिजली, म्हटलं एप्रिल आहे. रात्रभर झोपला नाही, म्हटलं ऑपरेशनची भीती. प्रत्येक गोष्टीला आमच्याकडे एक उत्तर तयार होतं. मंगळवारी ऑपरेशन झालं, चांगलं झालं. मंगळवारी रात्री मी सोबतीला होतो. दोनच्या सुमारास मामाने मला हाक मारली आणि चादरीवरचे मुंगळे झाडायला सांगितले. चादर पांढरी स्वच्छ. मी उगाच हाताने झाडल्यासारखं केलं. थोड्या वेळाने बघतो तर तो कोपरावर उठायचा प्रयत्न करतोय आणि त्याचा उजवा हात हलतोय, खाली जातो, वर येतो, उजवीकडे वळून ओततो, परत खाली. मला दोन मिनिटं लागली ओळखायला. तो करवंटीने लावणीवर पाणी घालत होता. नेमका तोच झोका, तेच मनगट, थेंब बाहेर सांडू नये म्हणून शेवटी हळू करायचं तेसुद्धा. सलाईनची नळी ताणली जात होती. "आग कमी कर," मला म्हणाला, "करपतंय, वास येईना तुला?" आणि मी, चाळिशी ओलांडलेला माणूस, पलंगाखाली वाकून नसलेलं लाकूड बाहेर ओढलं.

सिस्टर आल्या, मग ड्युटीवरची डॉक्टर आली, माझ्या मुलीपेक्षा दहाएक वर्षांनी मोठी असेल फक्त. नाडी बघितली, डोळे बघितले, हात पुढे करायला लावले. मग मला बाहेर कॉरिडॉरमध्ये घेऊन एकच प्रश्न विचारला. "खरं सांगा, रोज किती?"

मला खरंच आकडा माहीत नव्हता. पहाटे मामीला फोन लावला. तिकडून बराच वेळ काही नाही, मग एकदम स्पष्ट, जणू ती कितीतरी वर्षं कुणीतरी विचारायची वाट बघत होती, "अर्धी बाटली. सकाळी उठल्यावर एक, जेवणाआधी, मग संध्याकाळी उरलेली."

याला डॉक्टरी भाषेत डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. रोज भरपूर पिणारा माणूस अचानक थांबला की पहिल्या दिवसात हात कापणं, घाम, धडधड, दोन दिवसांच्या आत कधीकधी फिट्स, आणि दोन-तीन दिवसांच्या सुमारास हे, भास, भ्रम, ताप, बीपी वर. उपचार नाही झाले तर माणूस जातो यात. मामाला लगेच झोपेच्या-शांततेच्या जातीचं इंजेक्शन सुरू केलं, आणि बी-१ व्हिटॅमिनचं, तेसुद्धा ग्लुकोज द्यायच्या आधी. कारण खूप पिणाऱ्याच्या शरीरात बी-१ संपत आलेलं असतं आणि त्यात नुसतं ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलंही खर्च होऊन मेंदूला कायमची इजा होऊ शकते, आठवण नावाची गोष्टच जाते, मग माणूस मोकळ्या जागा मनाच्या गोष्टींनी भरत बसतो. मी फॉर्मवर खरं लिहिलं असतं तर ही सगळी तयारी रविवारीच झाली असती. डॉक्टरांनी हे मला बोलून दाखवलं नाही. दाखवायची गरजही नव्हती.

त्या ड्युटीवरच्या डॉक्टर मुलीने मला जे समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. मेंदूत ब्रेकचं काम करणारं एक रसायन असतं, गाबा, आणि ॲक्सिलरेटरचं काम करणारं एक, ग्लुटामेट. दारू ब्रेक दाबते आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलते, म्हणून पहिल्या पेगला जीभ सैल, खांदे सैल, कारण आधी गुंगतो तो मेंदूचा पुढचा भाग जो एरवी "हे बोलू नको" सांगत बसलेला असतो. आता हा ब्रेक रोज, वर्षानुवर्षं दाबलेला राहिला तर मेंदू काय करतो? चोर्ला घाट चढताना हँडब्रेक लावूनच गाडी चालवायची वेळ आली तर ड्रायव्हर काय करेल, रेस वाढवेल. मेंदूही तेच करतो. ब्रेक ढिले करतो, ॲक्सिलरेटर जास्त दाबतो, आणि गाडी आपली नेहमीच्या स्पीडने चालताना दिसते. लोक म्हणतात बघा, याला चढतच नाही. आणि मग एका रविवारी हॉस्पिटलात हँडब्रेक अचानक निघतो.

म्हणजे आम्ही तीस वर्षं ज्याचं कौतुक केलं ते लक्षण होतं.

अजून एक गोष्ट तिने सांगितली ती मला सगळ्यात जास्त लागली. म्हणाली, सवयीच्या कामात पिणाऱ्याचं काही बिघडलेलं दिसत नाही कारण तो ते काम पिऊनच हजार वेळा केलेला असतो. मामा भाटीपासून घरापर्यंत सरळ चालायचा कारण ती वाट त्याने पिऊन पाठ केली होती. नवीन पायरी पाठ नव्हती.

दिवस उजाडेपर्यंत कॉरिडॉरच्या बाकावर बसून मी मोबाईलवर हिशेब केला, दुसरं काही सुचत नव्हतं. अर्धी बाटली म्हणजे ३७५ मिली. ४३ टक्के धरा, म्हणजे १६१ मिली शुद्ध अल्कोहोल, वजनात १२७ ग्रॅमच्या आसपास. सर्वसाधारण माणसाचं लिव्हर तासाला ७-८ ग्रॅम संपवतं. म्हणजे साध्या ६० मिलीच्या एका पेगला, ज्यात २० ग्रॅम असतात, अडीच-तीन तास. कॉफी प्या, लिंबू चोखा, गार पाण्याने आंघोळ करा, लिव्हर त्याच्याच चालीने चालणार, तिथे वशिला नाही. मामाचे १२७ ग्रॅम म्हणजे सोळा-सतरा तास. उरलेल्या सात तासांत झोप. रोज पिणाऱ्यांच्या लिव्हरमध्ये एक दुसरा काउंटर उघडतो आणि काम थोडं लवकर होतं हे खरं, पण तो काउंटर काम करताना आतल्या आत जाळपोळ फार करतो, शिवाय डोकं दुखतं म्हणून घेतलेली पॅरासिटामॉलसुद्धा त्याच काउंटरवर जाऊन जास्त विषारी होते. म्हणजे मामा गेली कितीतरी वर्षं पूर्ण कोरडा असा दिवसातले थोडेच तास असेल, आणि तेही झोपेतले, पहाटेचे. उठेपर्यंत त्याचे हात कापत असणार. म्हणून सकाळचा एक. आम्हाला वाटायचं थंडी घालवायला घेतो.

थंडीचंही तसंच आहे म्हणा. दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंद होतात, गरम वाटतं, आणि आतली ऊब मात्र बाहेर निघून जाते. आमच्या आजीने सर्दीला आम्हाला चमचाभर फेणी साखर घालून दिलेली आहे, पोटात दुखलं तरी फेणी, छातीला चोळायलाही फेणी. आजीला दोष देत नाही, तिच्याकडे जे होतं ते तिने दिलं. पण "आमची फेणी नॅचरल, त्यात केमिकल नाही" म्हणणाऱ्यांशी मी हल्ली वाद घालतो. अरे बाबा, त्यात जे आहे तेच केमिकल. २००९ ला काजू फेणीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला याचा मलाही आनंद आहे, पण लिव्हरला जीआय टॅग वाचता येत नाही, त्याला काजू, द्राक्ष, ऊस सगळं इथेनॉल. त्याचं पहिलं रूपांतर होतं ॲसिटाल्डिहाइडमध्ये जे दारूपेक्षाही वाईट, डीएनएला इजा करतं, आणि तोंड-घसा-अन्ननलिका-लिव्हर-आतडं-स्तन इतक्या ठिकाणच्या कॅन्सरशी दारूचा संबंध बराचसा त्यातून लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने १९८८ सालीच दारूला पहिल्या गटात टाकलंय, तंबाखू ज्या गटात आहे त्याच. १९८८ ला मी शाळेत होतो आणि मामाची भाटी जोरात होती.

मामाच्या सोनोग्राफीत लिव्हर मोठं आणि चरबीने भरलेलं निघालं, पण सिरॉसिस नाही. लिव्हर दुखत नाही, ही त्याची सगळ्यात मोठी खोड. चरबीच्या स्टेजला पिणं थांबलं तर काही आठवड्यांत ते बरंचसं पूर्ववत होतं, पुढे गेलं, व्रण धरले, की मग परतीचा रस्ता जवळपास नाही. मामा त्या रेषेच्या अलीकडे मोडून पडला. नव्या पायरीचे उपकार म्हणायचे की काय, मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता माझं. मी साधू नाही. एप्रिलमध्ये उर्राक, त्यात लिमका, मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची, दुपारी आंब्याच्या झाडाखाली, हे सुख ज्याला माहीत नाही त्याला मी समजावू शकत नाही आणि ज्याला माहीत आहे त्याला समजवायची गरज नाही. पण मामाचं झाल्यावर मी स्वतःकडे बघायला लागलो. कॉलेजात दोन ग्लासांत गाणं सुरू व्हायचं, आता चार झाले तरी मी बिल तपासून देतो आणि बायको कौतुकाने म्हणते, तुम्हाला नाही हो चढत. ते वाक्य ऐकून परवा माझ्या पोटात गोळा आला. रात्री साडेतीनला जाग येते हेही मी वयावर ढकलत होतो. दारूने झोप लवकर लागते पण पहिल्या अर्ध्या रात्रीत स्वप्नांची झोप दाबून टाकते, आणि मग दारू उतरली की मेंदू वसुलीला निघतो, म्हणून ती साडेतीनची जाग, कोरडं तोंड, छातीत धडधड आणि उगाचची काळजी, मुलीच्या ॲडमिशनची, बँकेच्या हप्त्याची, जी दुपारी बारा वाजता अजिबात वाटत नाही. मी आठ दिवस बंद करून बघितलं. चौथ्या दिवशी साडेपाचपर्यंत झोपलो. मग शनिवार आला, असो.

डब्ल्यूएचओची एक दहा प्रश्नांची यादी आहे, ऑडिट म्हणतात तिला, आठ किंवा जास्त मार्क आले की सावध व्हायचं. मला नऊ आले. शाळेतल्यासारखं वाटलं, उलट्या बाजूने पास. याच यादीवरून गाळून, आपल्या गोव्यातल्याच १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक मोठा अभ्यास झालाय, 'संगाथ' या संस्थेच्या लोकांनी केलेला, २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. त्यात समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते, सायकॉलॉजीवालेही नव्हते, शिकवून तयार केलेली साधी इथली माणसं, आणि पिणाऱ्याशी जास्तीत जास्त चार बैठका. तीन महिन्यांनी नेहमीचे उपचार घेतलेल्यांपेक्षा या बैठका केलेल्यांत न पिणारे स्पष्ट जास्त होते. ते सगळे मामाच्या स्टेजच्या अलीकडचे पुरुष, माझ्यापेक्षा थोडे पुढे गेलेले. मला यातलं विशेष काय वाटलं तर कुणीतरी यांना सरळ विचारलं, किती घेता. मामाला हे तीस वर्षांत कुणी विचारलं नाही. मी फॉर्म हातात असूनही विचारलं नाही.

मामा महिनाभराने घरी आला. सायकिॲट्रिस्टने स्पष्ट सांगितलेलं की भाटीपासून लांब ठेवा. सांगायला सोपं आहे. घर भाटीवर चालतं, आणि घराच्या पडवीतून भाटीचा धूर दिसतो. पहिला सीझन तो खोलीतच बसून होता, चिडलेला, कुणाशी न बोलणारा, मधूनमधून मामेभावाला ओरडून आग कमी कर म्हणणारा, आणि खरंच दर वेळी आग जास्तच असायची. सीझनची पहिली उर्राक देवचाराला, म्हणजे राखणदाराला, ठेवायची पद्धत आहे आमच्याकडे, रोट आणि विडीबरोबर. ती ठेवायला जाताना मामी त्याच्या अंगावर खेकसली होती, "देवचार सुद्धा वर्षातून एकदाच घेतो, कळलं?" मामा हसला, घरी आल्यानंतर पहिल्यांदा.

या वर्षी मार्चअखेर गेलो तर तो भाटीवरच होता, पण लांब, फणसाखाली खुर्ची टाकून, बाजूला काठी. मांडीवर उंच काचेचा ग्लास आणि त्यात तरंगणारं ते यंत्र, जे आयुष्यभर डब्यात होतं. चष्मा लावून रेघ वाचायची आणि वहीत लिहायचं. तोंड लावत नाही. एक वर्ष अकरा महिने. मधे एकदा, शिगम्याला, घसरला होता, मामीने लपवलं नाही, दुसऱ्या दिवशी स्वतः त्याला घेऊन डॉक्टरकडे गेली. मला तो ग्लास त्याच्या इतक्या जवळ बघून काही बरं वाटलं नाही खरं सांगायचं तर, पण त्याच्याकडून तो काढून घ्यायचा अधिकार माझ्याकडे कुठून येणार.

"यंत्र एकोणीस सांगतं," म्हणाला, "पण मला वासावरून कमी वाटते. तू बघ." मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं आणि तीन आठवडे घेतलीही नव्हती. घोट घेतला, मग अजून एक, कारण पहिल्यात काही कळलं नाही. कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

"कशी आहे?"

"एकोणीस असेल. पण चढतेय मामा."

त्याने माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं, वहीत १९ लिहिलं, मग घड्याळ बघितलं. "मग बस इथेच. चार वाजेपर्यंत गाडी काढू नको." आणि मामेभावाला ओरडला, आग कमी कर.